सतरा नंबरची जुनी तक्रार

१ नोव्हेंबर, शनिवार

पोचलो पुण्याला. वारज्यात खोली मिळाली. तिसरा मजला, एक दार, एक खिडकी, एक मोरी. खिडकीतून खाली चहाची गाडी दिसते आणि तिच्या मागे नव्या बिल्डिंगांचे सांगाडे. मला तर महाल वाटला. नांदेडला बेकरीत होतो तेव्हा मैद्याच्या पोत्यांवर झोपायचो. मग छत्रीखाली बसून सिमकार्डं विकली, मग मंडपवाल्याकडे गेलो, मग मोबाइलच्या टॉवरची राखण केली. कुठेच सहा महिने निघाले नाहीत. माय म्हणते, बुद्धभूषण, तुझ्या पायाला चाकं आहेत. म्हणून या वेळी असं काम धरलं की पाय हलवायचेच नाहीत. खोलीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. दहावी नापास आहे हे फॉर्मात खरं लिहिलं तरी घेतलं. फक्त राहायचा पत्ता पुण्याचा पाहिजे म्हणले.

घरमालक आप्पासाहेब मूळचे इथलेच शेतकरी. म्हणले, तू गादी टाकलीस ना पोरा, तिथं आमची मेथी व्हती, आता समदं शिमिट हाय. काम काय करतोस विचारलं. मी सांगितलं, लोकांच्या तक्रारी ऐकतो. तर म्हणले, मग खाली माझ्या सुनंपाशी बसत जा, सराव व्हईल.

दाराला बेल नाही, नुसती कडी आहे. बेल बसवू का विचारलं, तर म्हणले, तुझ्याकडं येनार कोन हाय?

लै हसलो.

२ नोव्हेंबर, रविवार

बुधवार पेठेत जाऊन हेडफोन घेतला. नीट ऐकू येतं का म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणाला, तुमचे कान बरे असतील तर येईल, कानाची हमी आम्ही देत नाही. पुढे पुस्तकांच्या दुकानात ही डायरी घेतली, कालचं पान पण आजच लिहिलं. तिथले काका चष्म्यावरून बघत म्हणाले, नोव्हेंबरात या सालची डायरी मागणारे आपण पहिलेच, मागचे दहा महिने कोरे राहतील, चालेल ना? चालेल म्हणलं. मागच्या दहा महिन्यांत माझं लिहिण्यासारखं काही झालेलं नाही.

खरं कारण इथे लिहून ठेवतो म्हणजे मी टिकेन. उत्कर्षा बारावी झाली. माझी धाकटी बहीण, हुशार, घरातली पहिली बारावी. तिला नर्सिंगला जायचंय आणि माय स्थळं बघायलीय. कंपनीत पंधरा दिवसांत माझ्या वाट्याच्या सगळ्या तक्रारी मिटवल्या की मी कायम होतो, आणि कायम झालेल्याला घरातलं एक माणूस लावता येतं. उत्कर्षा घरबसल्या कमावायला लागली की लग्नाचं दोन वर्षं तरी पुढे जाईल. तिला शब्द दिलाय. हे काम मी सोडणार नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे ज्यांनी दाराला 'दारसाथी' नावाची बेल लावलीय ते. बेलेला कॅमेरा असतो. दारावर कोणी आलं की त्याचा फोटो मालकाच्या मोबाइलवर येतो. बेल बिघडली की लोक आम्हाला फोन करतात. तक्रारीला इथे तिकीट म्हणतात. तिकीट बंद करायचं तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चार आकडी ओटीपी जातो. तो त्याने आपल्याला सांगायचा, आपण टाकायचा, की झालं. गिऱ्हाइकाचं नाव आपल्याला दिसत नाही, नंबरचे शेवटचे दोन आकडे तेवढे दिसतात.

सगळं मोबाइलच्या ॲपवरच. ड्युटी चालू असली की मोबाइलवर घरचा फोनसुद्धा येत नाही, ॲप अडवतं. आणि ॲप गिऱ्हाइकाचा आवाज गाळून देतं, खरखर निघावी म्हणून. पण खरखरीबरोबर माणूस पण निघून जातो. म्हातारा असो, पोरगी असो, सगळे एकाच सपाट आवाजात बोलतात. दुपारपर्यंत मला वाटायला लागलं की एकच माणूस दिवसभर भांडतोय.

आमच्या टीम लीडर शर्मिला मॅडम. त्यांना कुणी बघितलेलं नाही, ग्रुपवर लिहितात. ट्रेनिंग कधी विचारलं तर हसरा चेहरा टाकला. नवीन आयडी मागितला तर म्हणल्या सध्या सतरा नंबर वापरा, आधीचे सहकारी सोडून गेलेत. सतरावर त्या माणसाची एकच जुनी तक्रार उघडी राहिलीय, तेवढी आपली समजून बंद करा म्हणल्या.

बावीस कॉल घेतले. पाच जणांनी आई-बहीण काढली. चांगला दिवस.

५ नोव्हेंबर, बुधवार

ती जुनी तक्रार आज बोलली.

चार वाजून दहा मिनिटांनी कॉल आला. नंबरच्या शेवटी ६२. तक्रार अशी, की दारावर कोणी नसताना बेल वाजते. मी ॲपमध्ये लिहिल्याप्रमाणे म्हणलं, बेल काढून सेल बदला. तो म्हणला, बेल काढून पेटीत ठेवली, तरी वाजते. मग सांगितलं की दार उघडून बघा. तो म्हणला, तेच जमत नाही.

ओटीपी देता का विचारलं, तिकीट बंद करतो. तो म्हणला देता येणार नाही. त्या ओटीपीच्या वर एक ओळ येते, ती वाचून खोटं बोलवत नाही.

तक्रार करायची आणि मिटवू पण द्यायची नाही. असला माणूस मी सिमच्या छत्रीखाली पण बघितला नव्हता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

६२ वाला काल पण चार दहाला, आज पण चार दहाला. तेच बोलणं. आज मी नुसतं नमस्कार म्हणलं तर माझं पुढचं वाक्य त्यानेच पुरं केलं, दारसाथी परिवारात आपलं स्वागत, मी आपली काय मदत करू. एक शब्द इकडचा तिकडे नाही. हे वाक्य आम्हाला पाठ करायला दिलेलं असतं. गिऱ्हाइकाला ते पाठ कशाला असेल?

मला वाटतं ही परीक्षा आहे. मॅडम गिऱ्हाईक बनून फोन करत असतील, पोरं कशी बोलतात बघायला.

ग्रुपमध्ये साईनाथ म्हणून सोलापूरचा एक जण आहे, जुना. त्याला वेगळं विचारलं. तो म्हणला, परीक्षा घ्यायला मॅडमना वेळ कुठाय, त्यांना आपली नावं माहीत नाहीत. मग त्याने युक्ती सांगितली. गिऱ्हाईक ओटीपी देत नसेल तर 'नंबर दुरुस्ती'मध्ये जायचं, त्याच्या नंबरच्या जागी आपला नंबर टाकायचा, ओटीपी आपल्याकडे येतो, तिकीट बंद. मग नंबर परत जागच्या जागी. म्हणला, सगळे असंच करतात, नाहीतर या कंपनीत एक तिकीट बंद होणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी होती. मनात किडा वळवळत होता म्हणून हिंजवडीला गेलो, ऑफर लेटरवरचा पत्ता शोधत. अडीच तास ट्रॅफिकमध्ये गेले. पत्ता खरा आहे. पाचवा मजला, काचेचं दार, आत तीसेक खुर्च्या, सगळ्यांवर अजून प्लास्टिक. दाराला साखळी. वॉचमनला विचारलं तर म्हणला, हे कंपनीवालं येत नाहीत, पण दर महिन्याला कुणीतरी पोरगं-पोरगी येतं आणि तुझ्यासारखंच काचेला नाक लावून बघतं. शेवटचा आलता तो काचेवर लै वेळ हात मारत होता. उघडा उघडा म्हणत होता. नाव लिहायच्या वहीत त्याने नावाच्या जागी सतरा लिहून ठेवलंय, वॉचमन म्हणला, असले शिकलेले.

परत येताना बसमध्ये विचार केला. काम येतंय, बाकी मला काय करायचंय. पण विचार थांबला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

चार दहा. आज मी त्याला सरळ विचारलं, तुम्ही कोण?

त्याने उलट विचारलं, मॅडमनी तुम्हालाही सतरा नंबर दिलाय का?

मी हो म्हणायच्या आधीच तो समजला. म्हणला, माझं नाव शुभंकर, मी पण सतराच होतो. माझ्या आधी पूर्वा नावाची मुलगी होती, ती पण सतराच. ही तक्रार पहिल्यांदा कुणाची होती ते कुणालाच माहीत नाही. कुणी दार उघडलं नाही. प्रत्येकाने नंबर बदलला. तुम्ही बदलू नका भाऊ. मी बदलला होता.

सपाट आवाज. रडत होता की हसत होता कळायला मार्ग नाही.

सहा वाजता ॲप बंद केलं आणि बसून विचार केला. याला काढून टाकलेलं दिसतंय. आता सूड म्हणून नव्याला घाबरवतोय, त्याने तिकीट बंद करू नये, त्याला पण काढावं. हेच खरं. मी बेकरीत असताना भट्टीवरचा जुना पोरगा असंच करायचा, नव्याला म्हणायचा भट्टीतून बाईचा आवाज येतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मॅडमचा मेसेज. सतरा नंबर, आज पाचपर्यंत तिकीट बंद नसेल तर सेवा समाप्त. पंधरा दिवस कुठे झाले विचारलं, तर हसरा चेहरा.

उत्कर्षाने सकाळी ड्युटीच्या आधी विचारलं होतं, दादा, काही कळलं का? पाहुणे रविवारी येणार होते.

चार वाजता नंबर दुरुस्तीत गेलो. ६२ पुसला, माझा ९८ टाकला. दाबल्याबरोबर फॉर्मातले माझे दोन्ही पत्ते आपोआप त्या तिकिटावर आले, वारज्याचा आणि कायमचा गावचा. ओटीपी आला. वर ओळ होती: 'आपण दार उघडून पाहिलेत याची खात्री करूनच हा क्रमांक द्यावा.'

टाकला. तिकीट बंद. ग्रुपवर टाळ्या.

नंबर परत ६२ करायला गेलो तर बटण करडं झालंय. दाबलं जात नाही. उद्या बघू.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कायम झालो. पत्र आलं, माझं नाव बुद्धीभूषण लिहिलंय, असू दे. लगेच उत्कर्षाचा फॉर्म भरला. ती गावाहून काम करेल, चालेल का विचारलं, मॅडम म्हणल्या कुठूनही चालेल. मग मला पुण्याला कशाला बोलावलं ते विचारायचं राहिलं. फॉर्ममध्ये भलतंच विचारतात. घरात कुणाला काय नावाने हाक मारता, लहानपणी पाळलेलं जनावर कोणतं. उत्की, दादा, शेळी मैना, सगळं भरलं.

चार दहाला ६२ चा कॉल. एवढंच बोलला की आज वाजली नाही, सात महिन्यांनी आज वाजली नाही. मग म्हणला, मी सांगितलं होतं ना भाऊ. सांगितलं होतं ना.

कॉल ठेवल्यावर नंबर ॲपमधून गेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

एक गंमत. चार दहाला माझ्याच मोबाइलवर मेसेज आला, 'दारसाथी: आपल्याकडे कोणीतरी येत आहे.' फोटो होता. खालच्या चहाच्या गाडीचा, गल्लीच्या तोंडापासून काढलेला.

माझ्याकडे दारसाथी नाही. गल्लीत कॅमेरा नाही. शुभंकरला माझा पत्ता लागलेला दिसतोय. खाली जाऊन बघितलं, कुणी नव्हतं. चहावाल्याला विचारलं, कुणी फोटो काढत होतं का. तो म्हणला, माझा काढला असेल तर चांगला आला का तेवढं सांग.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल चार दहाला बिल्डिंगच्या फाटकाचा फोटो आला. मी फोटो येताच खिडकीत गेलो. फाटक दिसत होतं. फाटकाशी कुणी नव्हतं, आप्पासाहेबांची गाडी तेवढी.

आप्पासाहेबांवर डोळा ठेवलाय. गुपचूप कॅमेरे लावले असतील. विचारलं तर म्हणले, पोरा, मला ह्या फोनवर फोटू कसा उघडायचा ते शिकव, मग मी काढतो.

आज उत्कर्षाला काम शिकवलं, तासभर फोनवर. शाळेजवळ टॉवर झालाय, आवाज छान येतो. तिला सगळं सांगितलं. गिऱ्हाईक रडेल, ओळख काढेल, नात्यातला आहे म्हणेल, विरघळायचं नाही. कधी कधी मॅडमच गिऱ्हाईक बनून परीक्षा घेतात, तुझी घरची माहिती फॉर्मात आहे, ती वापरून पण फसवतील. ओटीपी नाही मिळाला तर नंबर दुरुस्ती. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. पाहुण्यांना मायने नाही सांगितलं म्हणे. जयभीम दादा, तू लै मोठं काम केलंस म्हणली.

तिला फोटोंचं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे.

आज पण आला. तळमजल्याचा जिना.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज दुसऱ्या मजल्याचं वळण. भिंतीवर मुलांनी काढलेला खडूचा मोर दिसतोय.

आता लक्षात आलं. फोटोत कधी कुणी नसतं. मी आत्तापर्यंत फोटोत माणूस शोधत होतो. पण हा येणाऱ्याचा फोटो नाहीच. येणाऱ्याला जे दिसतं त्याचा आहे.

साईनाथला विचारलं, तू सतरावर कधी काम केलंस का. त्याने मेसेज बघितला. मग ग्रुपमधून बाहेर पडला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

माझं दार.

बाहेरून. माझ्या चपला, डावी उजवीवर चढलेली, मी सकाळी काढली तशीच. फोटो आला आणि त्याच वेळी कडी वाजली. तीन वेळा. हळू. पाहुणा वाजवतो तशी.

मी आवाज दिला, कोण आहे. दाराखालच्या फटीतून जिन्यातला उजेड येत होता. मध्ये सावली नव्हती. पण कडी वाजत होती. ऊन होतं बाहेर, खाली मुलं क्रिकेट खेळत होती, आऊट आऊट ओरडत होती, आणि कडी वाजत होती.

चार वीसला थांबली.

उघडलं नाही. आता शुभंकर कळला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज कामच केलं नाही. दार नाही तर कडी नाही, असा हिशेब केला आणि साडेतीनला टेकडीवर जाऊन बसलो. उघड्यावर. लोक फिरत होते, एक कुत्रं माझ्यापाशी येऊन बसलं.

चार दहाला मेसेज आला. मी हसत उघडला.

गावच्या घराचं दार. निळं. उंबऱ्यावर उत्कर्षाच्या चपला, एक पट्टा सुतळीने बांधलेला.

दुसरा पत्ता. मीच भरलेला—

धावत खोलीवर आलो. आत शिरून दार लावलं. मग इथे वाजायला लागली. बरं वाटलं. देवाशपथ, कडी वाजली तेव्हा बरं वाटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

खोलीतच थांबलो. मी आत असलो की ते इथेच येतं.

सकाळी ग्रुपवर मॅडमचा मेसेज. 'सतरा नंबरवर नवीन सहकारी रुजू. सतरावरील जुनी तक्रार ग्राहकाकडून पुन्हा उघडली गेली आहे. उद्या पाचपर्यंत बंद करावी.' ग्राहकाकडून म्हणे. मी कुठे उघडली.

नवीन सहकारी उत्कर्षा आहे.

तिचा फोन लागत नाही. ड्युटी चालू, ॲप अडवतंय. घरात फोन तेवढा एकच. शेजारच्या बजरंगला लावला, तो लग्नाला परभणीला. मॅडमना लिहिलं, तिला सतरा देऊ नका. हसरा चेहरा. गावाला निघावं म्हणलं तर बस रात्रभर, तोवर ती— आणि उद्या चार दहाला मी दारामागे नसलो तर ते कुठल्या दारावर जाईल हे मला माहीत आहे.

शेवटी गिऱ्हाईक ज्या नंबरवर तक्रार करतात तिथे फोन केला, जुनी तक्रार आता माझ्या ९८ वर आहे म्हणजे कॉल सतरालाच जाणार. पाऊण तास गाणं वाजलं. मग ती. दारसाथी परिवारात आपलं स्वागत. तिचा आवाज मला खरा ऐकू येत होता. तिला माझा नाही.

म्हणलं उत्की, मी दादा. ती म्हणली, सर, कृपया शांत राहा. मैनाचं सांगितलं. ती म्हणली, सर, ती माहिती फॉर्मात आहे. हसली पण. म्हणली, मला माझ्या दादाने सगळं आधीच सांगून ठेवलंय.

सगळं मीच शिकवलंय. शब्दन् शब्द.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन वाजून चाळीस. काल सहानंतर आणि आज सकाळी पण तिचा फोन लावला, ड्युटी नसताना पण ॲप सोडत नाही. परत लाइनवर थांबलोय. गाणं वाजतंय. वही मांडीवर आहे.

बाकी काही सुचत नाही म्हणून लिहायलोय.

तीन पंचावन्न. लागला. तीच. म्हणलं मी कालचा ९८ वाला. ती म्हणली, सर, आज पाचपर्यंत मला हे बंद करावंच लागेल, तुम्ही ओटीपी देता का, नाहीतर माझ्याकडे दुसरा मार्ग आहे.

म्हणलं देतो. नंबरला हात लावू नका. फक्त चार दहापर्यंत थांबा. शब्द द्या.

तिने शब्द दिला. आमच्या घरात शब्द मोडत नाहीत.

चार वाजून चार. ओटीपी पाठवला तिने. आला. वर तीच ओळ. दार उघडून पाहिलेत याची—

म्हणजे खरं पाहावं लागेल. पाहून आकडा दिला तर तक्रार खरीच बंद. कुणी करून बघितलं नाही. सगळ्यांनी पुढच्याच्या गळ्यात घातली.

चार सात. ती लाइनवर आहे. मला खोकला आला. मी लहानपणापासून खोकताना तीनदा खोकतो आणि मग घसा खाकरतो. आवाज गाळला तरी मोजणी कशी गाळणार—

ती म्हणली, दादा?

हळूच म्हणली. दादा, तू आहेस का खरंच? काय झालंय? मी बंद करू का माझ्या नंबरवर? तू घाबरू नको, मी करते—

ती करेल. कळलं तर लगेच करेल. मला माहीत आहे ती.

म्हणलं नाही ताई. मी मॅडमकडून बोलतोय. परीक्षा आहे. तुम्ही पास झालात. नंबरला हात लावू नका.

मग म्हणली, बरं सर.

चार नऊ. उठलो. वही डाव्या हातात, तिच्यावरच फोन, हेडफोन कानाला.

वाजली.

फोटो आलाय. लाकूड. दाराचं लाकूड, एकदम जवळून, गाठी दिसतायत. आणि फळीच्या फटीतून आतला मी. वही घेऊन—

कडी गार आहे. खाली मुलं खेळतायत. ओटीपी पाठ आहे, चारही आकडे. आधी पाहायचं, मग सांगायचा. क्रम चुकवायचा नाही.

काढली कडी.

उघडलं. पाहिलं— पाहिलं. घ्या ताई लिहून— चार— चार— एक—